आजारी पडलेली नीळ

सिस्टरनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही बाळाला घाणीमुळे मरू दिलं नव्हतं. आणि शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सव्वीस वर्षं जपलेला एक जीव स्वच्छतेनं मारायला घेतला.

टेकडीच्या पायथ्याशी एक शेत होतं. शेतावर दगडी भिंतींच्या सहा खोल्या, पुढे लांबलचक व्हरांडा, मागे रंगाची शेड. तिथे सात-सात दिवसांची शिबिरं चालायची. पानांचे ठसे घ्या, मातीतून रंग काढा, गवत वळून टोपली करा आणि शेवटच्या दिवशी पांढरा रुमाल निळीत बुडवून घरी न्या. येणारी माणसं पहिल्या दिवशी झाडाला मिठी मारून फोटो काढायची आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल उंच धरून रेंज शोधत बांधाबांधानं हिंडायची. निसर्ग त्यांना हवा असायचा, पण धुऊन, पुसून, ताटात वाढलेला.

सिस्टर हौसेनं आल्या नव्हत्या. त्यांना लेकीनं ढकललं होतं. "आई, रिटायर होऊन आठ महिने झाले, तू अजून दाराच्या कड्या स्पिरिटनं पुसतेस," लेक म्हणाली होती. "जा कुठेतरी. हात मळव जरा." सिस्टर आल्या. पहिल्या दिवशी माती कालवून त्यांनी हात मळवले आणि लगेच नळावर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून धुतले. वॉर्डात हात धुवायला जेवढा वेळ लावायच्या तेवढाच वेळ लावला. नेमकं त्याच वेळी शेडमध्ये काकू रांजणाबद्दल सांगत होत्या, आणि सांगण्यातलं मुख्य तेवढं सिस्टरचं हुकलं.

काकू म्हणजे मालकांची वहिनी. थोरला भाऊ गेल्यापासून शेत आणि शिबिरं मालक बघायचे. रंगाची शेड मात्र काकूंची होती. शेडच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण होता, माणूस उभा बुडेल एवढा. त्यात नीळ होती. सिस्टर हात पुसत आत आल्या तेव्हा काकू रांजणातून एक चिंधी वर काढत होत्या. चिंधी निघाली पिवळट हिरवी. हवा लागली तशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कडेकडेनं निळी होत गेली. अकरा माणसांनी "आई गं!" केलं. सिस्टरनी केलं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. रांजणाच्या काठावर जांभळ्या-काळ्या खपल्या. पाण्यावर फेस, फेसावर तांब्यासारखा तवंग, तवंगात दोन मेलेल्या माश्या. आणि वास? सिस्टरनी नाकाला रुमाल लावला.

वर्षानुवर्षांच्या ड्यूटीनं त्यांना पहाटे साडेपाचला जाग यायचीच. दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले असताना त्या उठल्या, पदर खोचला आणि शेडमध्ये गेल्या. एवढी गुणी बाई, वाटलं त्यांना, पण एकटी. कुठवर पुरी पडणार? आपण जरा हात लावू. मगानं त्यांनी फेस नि तवंग काढून बाहेर ओतला. काठावरच्या खपल्या ब्रशनं घासल्या. दोन बादल्या ताजं गार पाणी आत सोडलं. पिशवीतून जंतुनाशकाची बाटली काढली, ती त्या प्रवासातही नेतात, आणि दोन झाकणं टाकली. मग काठी घेऊन चहात साखर विरघळवावी तसं, हात पोचेल तिथपासून वरपर्यंत, खळाखळा ढवळलं.

आणि पाणी बघता बघता सुंदर निळंशार झालं.

"आता कसं," सिस्टर स्वतःशी म्हणाल्या. "काल नुसतं पिवळं शेवाळ दिसत होतं."

सात वाजता काकू आल्या. दारातच थांबल्या. रांजणापाशी आल्या, गुडघ्यावर बसल्या, एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. मग तडक व्हरांड्यात गेल्या. तिथे सगळे नाश्त्याला बसले होते.

"कोणी केलं?"

आवाज चढलेला नव्हता. पण चमचे थांबले.

सिस्टरनी आयुष्यभर शिकाऊ नर्सांना एकच सांगितलं होतं: चूक झाली तर आधी बोलायचं, मग रडायचं. त्या उभ्या राहिल्या. "मी साफ केलं. काय झालं?"

"साफ केलंत." काकूंनी मान हलवली. "हो. साफच केलंत, बाई. माझ्या सासूनं मला अंगावर गुंजभर सोनं घातलं नाही. हा रांजण दिला. सव्वीस वर्षं त्याला एक दिवस उपाशी ठेवला नाही मी. त्यात जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते खातात, आंबतात, पाण्यातली हवा पिऊन टाकतात, तेव्हा कुठे नीळ विरघळते आणि कापडात शिरते. पाणी पिवळं दिसतं ते जिवंत असल्यामुळे. निळं दिसतं ते मेल्यावर. तुम्ही त्याला गार पाण्यात घातलंत, वरचं पांघरूण ओढून फेकलंत, वर औषध पाजलंत. लहान लेकराला तरी असं कोणी करतं का?"

सिस्टर खाली बसल्या. चौतीस वर्षांतली शेवटची एकोणीस वर्षं त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात काढली होती. वर लेकराचंच उदाहरण ऐकावं लागलं.

मालकांना नाटक नको होतं. त्यांना शनिवार दिसत होता. "वहिनी, झालं ते झालं. कपाटात ती पावडर आहे ना? दोन चमचे टाकली की दहा मिनिटांत नीळ विरघळते. शनिवारी अकरा जणांचे रुमाल आहेत."

"दहा मिनिटांत विरघळते. आणि आत जे काही उरलंसुरलं असेल ते त्याच दहा मिनिटांत मरतं."

"मग दुसऱ्या पातेल्यात करू."

"दुसरी नीळ कुठून आणू? सगळी यातच आहे. झाडं अजून गुडघ्याएवढी आहेत."

"अहो, पण कोणाला कळणार आहे?"

या तीन शब्दांनी जगातला निम्मा माल नासवलाय आणि उरलेला निम्मा नासवायला घेतलाय. दूध, औषध, पूल, पुस्तक, काही सुटलं नाही. काकूंनी दिराकडे असं पाहिलं की ते हातातली पोळी उगाच ताटात फिरवू लागले. पण शेत त्यांचं होतं, शिबिर त्यांचं होतं. शेवटी ते म्हणाले, "शनिवारी सकाळपर्यंत थांबतो. तोवर उठला तर तुमचा. नाही उठला तर पावडर. मला पाहुण्यांना तोंड दाखवायचंय."

रविवारी शिबिर सुरू झालेलं, हा सोमवार. हातात पाच दिवस होते.

"मी बसते त्याच्याजवळ," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "तुम्ही लांब बसा. दोन शेतं सोडून बसा."

सिस्टर दोन शेतं सोडून बसल्या नाहीत. शेडच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. बाकीचे पानं वेचायला गेले, यांनी जागा सोडली नाही. आत काकूंची धावपळ चाललेली. रांजणाभोवतीच्या खड्ड्यात कुजतं गवत भरलेलं होतं, एरवी त्याची ऊब पुरायची. पण दोन बादल्या गार पाण्यानं आत शिरलेला गारठा जात नव्हता. काकू वरून ताजं गवत दाबत होत्या, ब्लँकेट टाकत होत्या.

तासाभरानं सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "बाहेरून ऊब देऊन आत पोचणार नाही. एकदा आमच्याकडे दिवसभर वीज गेली होती. बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बंद. नऊ बाळं. आम्ही बाटल्यांत गरम पाणी भरलं, घट्ट बुचं लावली, फडक्यात गुंडाळली आणि बाळांच्या भोवती ठेवली. एक निवली की दुसरी. तुम्ही तर बाटल्या आतच सोडू शकाल. दोरीनं."

काकू वळल्या नाहीत. बराच वेळ गवत दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "बुचं गळाली तर?"

"गळणार नाहीत. मी बघते."

"बाटल्या स्वयंपाकघराच्या फळीवर आहेत," काकू म्हणाल्या. झालं. सिस्टरना वॉर्डात प्रवेश मिळाला.

दिवसभर बाटल्या खाली-वर होत राहिल्या. दुपारी काकूंनी बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. सिस्टर बघतच राहिल्या. हजारो आयांना त्यांनी हेच शिकवलं होतं: बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं, हात खोटं बोलतो. पण स्वतः त्यांनी थर्मामीटरशिवाय कधी विश्वास ठेवला नव्हता.

"अजून कमी आहे," काकू म्हणाल्या. "बाळाच्या अंगाला असते तेवढी ऊब व्हायला हवी."

सिस्टरनी पिशवीतून थर्मामीटर काढला, दोरी बांधून सोडला, वर ओढला. तेहेतीस.

"काय म्हणतोय तुमचा काटा?"

"तुम्ही म्हणता तेच."

"मग त्याला बोलावलं कशाला?"

संध्याकाळी काकूंनी परत कोपर बुडवलं. "आता झालं." सिस्टरनी मुकाट्यानं थर्मामीटर सोडला. सदतीस. मंगळवारी चार वेळा, बुधवारी चार वेळा. अर्ध्या अंशानंही काकूंचं कोपर चुकलं नाही. सिस्टरनी हे सगळं एका वहीत तक्ता आखून मांडलं होतं, सवयीनं. काकूंनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "ताप उतरला का पोराचा?" म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. सिस्टरच्या मनात मात्र हसू नव्हतं. शिकलेली माणसं अशा बाईच्या पाठीवर थाप मारतात, 'छान छंद आहे हो' म्हणतात आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच कोणाला तरी देतात. एवढं अचूक कोपर त्यांच्या अख्ख्या हॉस्पिटलात एकाही डॉक्टरला नव्हतं, आणि ही बाई ते मिरवत नव्हती. रांजणातून काढून पदराला पुसत होती.

बुधवारी खायला घातलं. गव्हाचा कोंडा पाण्यात शिजवून त्याची पेज, त्यात काकवी. सिस्टरनी मोठं पातेलं उचललं तशा काकू ओरडल्या, "अहो, वाटीभर! उपाशी पोटात एकदम ओतलंत तर आंबट होऊन मरेल."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही थेंबाथेंबानं सुरू करायचो. एका वेळी दोन थेंब. नातेवाईक भांडायचे, पोराला उपाशी ठेवता म्हणून."

"मग पातेलं का उचललंत?"

"अपराधी माणूस जास्त वाढतो, काकू."

काकूंनी वाटी सिस्टरच्या हातात दिली.

मग वासाचं शिक्षण सुरू झालं. काकू ब्लँकेट एका बाजूनं उचलायच्या. "कसा येतोय?"

"घाण."

"घाण नाही सांगायचं. कोणती घाण?"

सिस्टरनी डोळे मिटले. वास त्यांना येत होते. चिघळलेली जखम कोणती आणि भरत आलेली कोणती, हे त्या पट्टी सोडायच्या आधी सांगायच्या. इथे मात्र त्या पहिलीच्या वर्गात होत्या. काकूंनी शिकवलं: आंबट आला तर तो आंबटपणा मारणारं राखेचं पाणी कमी पडलंय. काहीच आला नाही तर झोपलाय, किंवा गेलाय. सडक्या मासळीचा आला तर बिघडतोय. आणि घोड्यांच्या तबेल्यासारखा उबदार, गोडसर आला तर देवाचे आभार माना. गुरुवारपर्यंत सिस्टरना पहिले तीन ओळखता आले, कारण ते तिन्ही आले.

एव्हाना शिबिरभर बातमी झाली होती. मातीचे रंग, पानांचे ठसे सगळं पार पडलं, सिस्टरनी त्यातलं काहीही केलं नाही. शिबिरात एक वकीलबाई होत्या, जिभेच्या धारदार. येता-जाता दारातून डोकवायच्या. "सिस्टर, पेशंट कसा आहे?"

"नातेवाईकांनी बाहेर थांबावं. भेटायची वेळ चार ते पाच."

"बिल फार लावू नका हो, गरीब आहे तो!"

हसणं व्हायचं, पण कोणी आत पाऊल टाकायचं नाही. मालक मात्र दिवसातून दोनदा येऊन घड्याळ बघून जायचे.

गुरुवारी दुपारी मासळीचा वास इतका वाढला की काकूंनी ब्लँकेट परत टाकलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचे हात नखांपर्यंत निळे होते. चार दिवसांत बाई सलग दोन तासांच्या वर आडवी झाली नव्हती.

"गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

"तळाशी बघितलंत?"

"तळाला काय बघायचं? ऐका, बाई. एक सांगते, कोणाला बोलू नका. मला नवा रांजण लावता येत नाही."

सिस्टरनी हातातली बाटली खाली ठेवली.

"सासूनं कधी शिकवलंच नाही. म्हणायची, आधी हा जगवायला शीक, लावायचं नंतर बघू. आणि मग ती गेली. लोक येतात, माझ्या पाया पडतात, उस्ताद म्हणतात. मला फक्त जगवता येतं. जन्माला घालता येत नाही. हा गेला की संपलं. दीर पावडर टाकतील, रुमाल निळे होतील, आणि मी इथे उभी राहून पाहुण्यांना खोटं सांगेन."

सिस्टर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. साडी मळली, त्यांचं लक्ष गेलं नाही.

"मलाही तेवढंच येत होतं," त्या म्हणाल्या. "जन्माला घालणारे दुसरे. माझ्याकडे यायची ती हातभर नसलेली, निळी पडलेली. ती जगवायची. एकोणीस वर्षं मी तेवढंच केलं, आणि त्याला कमी कधी समजले नाही. उठा. तळाशी गाळ आहे ना? मी वरवर ढवळलं होतं असं नाही म्हणत, चांगलं जोरात ढवळलं. पण काठी तळाला टेकत नव्हती. हात पोचत नव्हता माझा. औषधही वरच पडलं. खाली कोणीतरी शाबूत असणार."

काकूंनी मान वर केली. "काठी टेकली नव्हती?"

"वीतभर राहिली होती."

काकू उठल्या. लांब दांड्याचा डाव आणला, भिंतीच्या कडेकडेनं, पाण्यावर एक बुडबुडाही उठू न देता, तळापर्यंत नेला. ते बघण्यासारखं होतं. एवढी दमलेली बाई, पण हात असा उतरला जसं झोपलेल्या मुलाच्या मानेखालून कोणी हात काढून घेतं. डाव वर आला. तळाशी चमचाभर दाट गाळ. काकूंनी हुंगला आणि सिस्टरच्या नाकाखाली धरला.

अगदी पुसट होता. पण तबेला होता.

मग दोघींना वेळकाळ राहिला नाही. तो गाळ वाटीत घेऊन कोमट पेजेत जपला, बाटल्यांच्या उबेत ठेवला. वर फेस धरला तसा शुक्रवारी सकाळी रांजणात अलगद तळाशी सोडला. राखेचं पाणी चमच्या-चमच्यानं. काकू जिभेवर घेऊन बघायच्या. दुसऱ्यांदा त्यांनी डाव सिस्टरपुढे केला. चौतीस वर्षं उकळल्याशिवाय पाणी न प्यायलेल्या बाईनं त्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

"जीभ चरचरते."

"किती?"

"थोडी. कच्च्या सुरणाएवढी नाही."

"मग बरोबर आहे."

शुक्रवारी दुपारी काकू काठाला कान लावून बसल्या आणि हात वर करून सिस्टरना गप्प राहायला सांगितलं, जरी सिस्टर बोलत नव्हत्याच.

शनिवारी सकाळी मालक पावडरीचा डबा काखेत घेऊनच आले. मागे अकरा माणसं, हातात घडी घातलेले पांढरे रुमाल. काकूंनी ब्लँकेट काढलं. पाण्यावर तवंगाची बोटभर रुंद पट्टी होती, तांब्याच्या रंगाची, काठाला धरून. काकूंनी आपल्या पदराची कड फाडली, सरळ, कात्री न शोधता, आणि ती पट्टी आत सोडली. शंभर आकडे मोजले. बाहेर काढली.

पिवळट हिरवी.

पट्टी हवेत लटकत राहिली. कडेला निळं उमटलं, मग मध्ये आलं. फिकं होतं, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या शर्टासारखं. पण निळं होतं.

"जिवंत आहे," काकू म्हणाल्या.

"वा!" मालकांनी डबा खाली ठेवला. "चला तर मग, एकेक करून या पुढे. रुमाल ओले करून घ्या."

रांग लागली. काकू दोन्ही हात लोंबते सोडून उभ्या होत्या. दिराशी भांडायला त्यांच्यात जीव उरला नव्हता. तेव्हा सिस्टर रांजणापुढे आल्या आणि रांगेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"कोणी काही बुडवणार नाही."

"सिस्टर, अहो," मालक म्हणाले, "आता तर उठलाय ना तो?"

"काल शुद्धीवर आलाय. आज त्याच्या अंगावर अकरा जणांना बसवायचं? प्रत्येक रुमालाबरोबर हवा आत जाते. दुपारपर्यंत परत निळा पडेल. मी एकदा मारलाय त्याला, मालक. दुसऱ्यांदा तुम्हाला मारू देणार नाही."

"मग ही माणसं काय घेऊन जाणार घरी?"

"पांढरा रुमाल."

मालकांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही इथे पाहुण्या आहात!"

"हो. पण वॉर्ड माझा आहे."

वकीलबाई रांगेत पहिल्या होत्या. त्यांनी हातातल्या रुमालाकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. "भेटायची वेळ तरी आहे का?" त्यांनी विचारलं. या वेळी त्या थट्टा करत नव्हत्या.

सिस्टरनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. "कान लावा," त्या म्हणाल्या. "काठाला हात टेकू नका."

वकीलबाई गुडघ्यावर बसल्या, वाकल्या, काठापाशी कान नेला. पहिल्यांदा कपाळाला आठी पडली, मग ती गेली. अगदी बारीक आवाज होता, भाकरी निवताना येतो तसा, चिट्-चिट्. त्या उठल्या आणि रुमाल पर्समध्ये टाकून बाजूला झाल्या. मग दुसरा बसला. मग तिसरी. सगळा आठवडा मोबाइल उंच धरून हिंडलेली माणसं एकामागून एक जमिनीवर गुडघे टेकून, श्वास रोखून कान लावत होती. मालक दाराशी उभे होते. शेवटी सगळे गेल्यावर तेही आले, इकडेतिकडे बघून वाकले, आणि उठताना डबा काखेत घेऊन मुकाट्यानं निघून गेले.

काकूंनी लांब दांड्याचा डाव सिस्टरच्या हातात दिला. "दुपारी अर्धी वाटी. आधी वास घ्यायचा, मग घालायचं. आंबट वाटलं तर मला उठवा. नाहीतर उठवू नका." आणि त्या शेडबाहेर पडल्या, अंगण ओलांडून आपल्या खोलीत गेल्या, आणि दार लावून घेतलं.

बाराच्या सुमारास कशीबशी रेंज येऊन लेकीचा फोन लागला. ती फाटकापाशी गाडी घेऊन उभी होती. "आई, सामान आवरलंस का?"

"नाही. तू आत ये, पाणी पी आणि परत जा. मी बुधवारपर्यंत इथेच आहे."

"बुधवार? शिबिर तर आज संपलं ना? काय करतेस तिथे?"

"ड्यूटी," सिस्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवून बाटल्यांचं पाणी तापवायला गेल्या.